मुठीतला पदर

बडोद्याच्या एका ताईंचं पत्र, थोडक्यात:

‘दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर विकलं. आवराआवर करताना पत्र्याच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक स्टुडिओतला फोटो निघाला. आजी-आजोबा, काका, बाबा, मुलं, अशी अकरा माणसं. दहा जण ओळखले. खाली सतरंजीवर बसलेली एक बाई मात्र कोण, ते कळत नाही. तिचं लुगडं काळं, कपाळ मोकळं. भाऊ म्हणतो, ही आजोबांची पहिली बायको. चुलतबहीण म्हणते, कामवाली असेल. ग्रुपवर रोज भांडणं. दिवाळीला सगळे जमणार, तेव्हा भाऊ मोठी फ्रेम करून खाली नावं छापणार आहे. आमची आत्या नव्वदीची, माझ्याकडेच असते. फोटोत ती तीनेक वर्षांची आहे. तिला फोटो दाखवला तर तिने तो मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाली, “आधी चहा टाक.” तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तिला नक्की माहीत आहे. खोदून विचारू का? आणि भावाला काय सांगू?’

ताई,

मोबाइलवर का होईना, फोटो पाठवलात ते बरं केलंत. नाहीतर मीही तुमच्या ग्रुपसारखी नुसते तर्क लढवत बसले असते.

आधी भावाचं बघू, कारण त्यांना घाई आहे. काळं लुगडं म्हणून एक गोष्ट, मोकळं कपाळ म्हणून दुसरी, अशी त्यांनी कथा रचलेली दिसते. पण त्या काळी बऱ्याच स्टुडिओंत वापरायच्या त्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. तांबडं ते सगळं काळं उमटायचं. तुमच्या आजींचं कुंकू बघा, शाईचा ठिपका पडल्यासारखं दिसतंय. म्हणजे या बाईचं ‘काळं’ लुगडं तांबडंही असू शकेल. आता तांबडं म्हटलं तर ते विधवेचं अलवण असेल, नाहीतर चांगला लग्नातला शालू! आणि कपाळ मोकळं कुठे आहे हो? पदर भुवयांपर्यंत ओढलाय, मान खाली आहे. कुंकू आहे की नाही हे कळायला आधी कपाळ तर दिसायला हवं.

पदरावरून आठवलं. बाकी सगळ्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर आहे, हिचा उजव्या खांद्यावरून पुढे आलाय. मला आधी वाटलं, फोटो उलटा छापला गेला असेल. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवली की तसं होतं. म्हणून आजींची नथ पाहिली, ती डाव्या नाकपुडीतच आहे. आजोबांच्या कोटाची बटणंही पुरुषांची असतात तशीच आहेत. म्हणजे फोटो सुलट आहे आणि ही बाई गुजराती पद्धतीने नेसली आहे. म्हणून ती गुजरातीच, असं मात्र मी म्हणणार नाही. बडोद्यात राहून एखादी मराठी बाईही शेजारणींचं बघून तशी नेसू लागली असेल.

पहिली बायको हा तर्क अशक्य आहे असं नाही. दुसरं लग्न तेव्हा सर्रास होई. सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला होता. देशभराचा हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. सोडचिठ्ठी झालेल्या बायका बडोद्यात होत्या, हे खरं. पण सोडचिठ्ठी दिलेली बाई आजींच्या पायाशी सतरंजीवर फोटोला बसेल का, ते भावाला विचारा. चुलतबहिणीचं म्हणणं मला तितकं हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही. भांडीवालीला कोणी स्टुडिओत नेत नसे, पण लहान मूल जिच्याशिवाय गप्प बसत नाही, तिला न्यावंच लागे. अशा बाईला ‘कामवाली’ म्हणून मोकळं व्हायचं असेल, तर आपल्याकडे दूधआई हाही एक शब्द आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता मी दोन दिवस जे बघत बसले होते ते सांगते.

फोटोचा खालचा डावा कोपरा मोठा करा. तीन वर्षांच्या तुमच्या आत्या त्या बाईच्या मांडीवर रेलल्यात. एक पाय पुसट आलाय, म्हणजे फोटोग्राफर ‘हलू नका’ म्हणत असताना पाय हललाच. पण उजवा हात जराही हललेला नाही. त्या मुठीत त्या बाईचा पदर घट्ट धरलेला आहे, इतका की खांद्यापासून मुठीपर्यंत कापडाला ताण पडलाय. सख्खी आई, म्हणजे तुमच्या आजी, वीतभर अंतरावर खुर्चीत बसल्यात. पोरीचं तोंडही तिकडे नाही.

तुम्ही सगळे ही आजोबांची कोण, यावर भांडताय. ती आजोबांची कोण होती ते फोटोत दिसत नाही. आत्यांची ती कोण होती, ते दिसतंय.

तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आत्यांना जे माहीत आहे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसून पुढे घरात कधीतरी कानावर पडलेलं असणार, बहुधा हळू आवाजात, स्वयंपाकघराच्या दाराआडून. किंवा कानावर पडलेलंही काही नसेल. फक्त एक माणूस होतं आणि मग नव्हतं, एवढंच असेल. त्यांनी फोटो उलटा ठेवला तो लपवायला असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, नव्वद वर्षांच्या बाईला भिंतीवरच्या हार घातलेल्या आईच्या देखत दुसरीचा पदर धरलेली स्वतःची मूठ बघवली नसेल. माझा अंदाज चुकूही शकतो. पण तुमच्या खोदून विचारण्याने तो तपासला जाणार नाही.

तेव्हा ‘ही कोण’ हा प्रश्न सध्या बंद. मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवणंही बंद. बोटांनी चेहरा फुगवून दाखवला की म्हातारी माणसं बिचकतात. फोटोची मोठी प्रत काढा, चकचकीत कागदावर नको. दुपारी त्या हिंचक्यावर बसतात ना? तिथे हाताशी ठेवून द्या आणि तुम्ही शेंगा सोलायला घ्या. विचारायचं असेल तर वस्तूंबद्दल विचारा. ही सतरंजी घरची का स्टुडिओतली? आजोबांची ही पगडी कुठे गेली? रावपुऱ्यापर्यंत चालत गेलात की टांगा केला होता? तुला हा फ्रॉक कोणी शिवला? फ्रॉकवरून बोलणं कुठे जाईल ते आपल्या हातात नाही.

नाव निघालंच तर लगेच ‘सापडली!’ म्हणून ग्रुपवर टाकू नका. आपल्या बायकांना तीन-तीन नावं असायची: माहेरचं, लग्नात तांदळात लिहिलेलं सासरचं, आणि घरात हाक मारायचं. आत्या ‘जिजी’ म्हणाल्या म्हणून वंशावळीतल्या जिजाबाईला त्या सतरंजीवर बसवू नका. पहिल्या बायकोचं खरंखोटं करायचंच असेल, तर भावाला नाशिक-त्र्यंबकला पाठवा. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत आजोबांनी कधी हजेरी लावली असेल, तर बायकोमुलांची नावंही पुष्कळदा सापडतात. दिवाळीपर्यंत तेवढंच त्यांना काम.

फ्रेमचं मात्र ठाम सांगा. दहा नावं छापा, अकराव्या जागी काही छापू नका. हे मी स्वतःच्या अकलेच्या दिवाळ्यावरून सांगतेय. आमच्या घरच्या एका फोटोमागे मी बॉलपेनने मोठ्या विश्वासाने ‘मोठी काकू’ लिहिलं. ती काकू नव्हती, काकूंची धाकटी बहीण होती, लग्नाआधीच वारलेली. तोवर पाच घरांत प्रती गेल्या होत्या. आता पुतणे मलाच सांगतात की ती मोठी काकू, तूच तर लिहिलंयस. आणि शाई पुढच्या बाजूला फुटलीय, बरोबर तिच्या गालावर.

मूळ फोटो पुठ्ठ्यावरून सोलायला जाऊ नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कडांना रुपेरी झाक आली असेल ती पुसू नका, ती चांदी फोटोतलीच आहे. लिहायचंच तर मागे मऊ पेन्सिलीने, कडेला.

आणि हो, ताई, पत्राच्या शेवटी घाईत लिहिलंय की ‘मागे दोन ओळी आहेत, पण त्या गिचमिड आहेत’. ती गिचमिड मोडी असेल. मोडी वाचणारी माणसं बडोद्यात अजून आहेत. मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवा, उजेड बाजूने पडेल असा. ग्रुपवर आधी टाकू नका.