रिपोर्ट नॉर्मल, मग जबडा का दुखतो?

प्रश्न : वय ४२. वर्षभर कामाचा ताण आहे. मान आखडते, सकाळी जबडा दुखतो, पहाटे तीनला जाग येते. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. दवाखान्यात वरचं बीपी कधी १४६, कधी १२८ भरतं. हे मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : नाही, दुखणं खरंच आहे. संकट जाणवताच अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन काही सेकंदांत नाडी वाढवतं. मागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन येतं आणि यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं. ही सगळी पळण्याची तयारी. एरवी पुरेसं झालं की कॉर्टिसॉलच मेंदूला 'आता थांब' असा निरोप देतं. ताण महिनोन्‌महिने राहिला की तो निरोप नीट पोचत नाही. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि पहाटे चढू लागतं. झोपही तेव्हा सावध असते, त्यामुळे तीनची जाग.

जबड्याचं कारण बोटांनी कळेल. कानशिलांवर बोटं ठेवून दात आवळा. जो स्नायू टरारून वर येतो, तो बहुधा झोपेतही अधूनमधून तसाच दात आवळत असतो. दात झिजलेत का, हे दंतवैद्यांकडून बघून घ्या.

बीपीच्या सुट्या आकड्यांवर विसंबू नका. सात दिवस घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून लिहा. हात लोंबता राहिला तर आकडा उगाच वाढतो. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

रोज दहा मिनिटं : चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मनगटावर नाडी धरून बसा, श्वास सोडताना ती मंदावलेली लागते. चक्कर आली तर श्वास फार खोल घेताय.

मात्र चालताना छातीत दुखणं किंवा आपोआप वजन घटणं 'ताणामुळेच' म्हणून अंगावर काढू नका. छातीतलं दुखणं विश्रांतीनंतरही थांबलं नाही तर तडक इस्पितळ गाठा.

प्रश्न : कॉर्टिसॉल तपासून घेऊ का?

उत्तर : ताण मोजायला नको. सकाळचा आणि रात्रीचा आकडा मुळातच वेगळा असतो. ही तपासणी कुशिंग, अ‍ॅडिसन अशा ग्रंथींच्या आजारांची शंका आली तर करतात.