व्हाळाचा फेस आणि मिरवेलीची मर

प्रश्न : आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पावसाळ्यात मिरवेली चार-आठ दिवसांत सुकतात, मुळे काळी पडतात. गोड्या पाण्यातल्या बुरशी रोगांना आवरतात असे वाचले. व्हाळाचे (ओढ्याचे) फेसाळ पाणी बुंध्याशी घातले तर चालेल का?
– एक बागायतदार, सत्तरी (गोवा)

उत्तर : कृपया घालू नका. आपण सांगता ती लक्षणे फायटोफ्थोरा या मुळे कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या रोगकारकाची आहेत आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. वरच्या कुळागरात लागण असेल, तर तेच पाणी रोग तुमच्या मुळांशी आणून सोडेल.

वाचलेत ते मात्र खरे आहे. व्हाळात पडलेली पाने कुजवणाऱ्या बुरशींचे बीजाणू फेसात अडकतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहिला, तर चार हातांच्या चांदण्या दिसतात. त्यांतल्याच क्लॅव्हेरिऑप्सिस अ‍ॅक्वाटिकापासून क्लॅव्हेरिऑप्सिन ही बुरशीनाशक द्रव्ये मिळाली आहेत. अडचण वेगाची आहे. प्रयोगशाळेत आगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) ताटलीत एका कडेला ही बुरशी आणि समोर रोगकारक लावून मधली मोकळी पट्टी मोजतात. पाण्यातली बुरशी सावकाश वाढते, म्हणून तिला काही दिवस आधी लावावे लागते. मातीत अशी सवलत कोण देणार? म्हणून ताटलीतले यश कुळागरात उतरेलच असे नाही.

आज हाताशी आहे तो ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारकांना आवरणारी मातीतली उपयोगी बुरशी. 90 किलो मुरलेले शेणखत, 10 किलो कडुनिंबाची पेंड आणि 1 किलो ट्रायकोडर्मा पावडर एकत्र करा. ओलावा इतकाच, की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. ढीग सावलीत ओल्या गोणपाटाखाली 15 दिवस ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा. हिरवट बुरशी दिसली की जमले. आंबूस वास आला तर पाणी जास्त झाले. ताजे शेण वापरू नका. ढीग तापतो आणि ट्रायकोडर्मा मरतो. प्रत्येक वेलीला 2 किलो, बुंध्याभोवती पसरून वर पालापाचोळा घाला. खणू नका, जखमी मुळातून रोग शिरतो. पाणी साचत असेल तर आधी चर काढा, नाहीतर बाकी सारे फुकट.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पोफळीवर कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते तो रोग) बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे पाणी, फवारता, ते निथळून मिरवेलीच्याच बुंध्याशी पडते आणि त्यातले तांबे ट्रायकोडर्माला मारते. दोहोंत निदान 15 दिवसांचे अंतर हवे. ढीग तयार व्हायलाही तेवढेच दिवस लागतात, म्हणून पावसाआधीची फवारणी ज्या दिवशी कराल, त्याच दिवशी ढीग लावा.