ढाका की पश्चिमी स्टार?

प्रश्न : ताई, स. न. माझे वडील, आमचे नाना, मागच्या श्रावणात गेले. वर्षश्राद्धाला आठ पानी स्मरणिका काढायची ठरलीय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. नाना 1966 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 1984 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गावात त्यांना सगळे 'मेजर'च म्हणायचे. धाकटा भाऊ म्हणतो, "नाना ढाक्याच्या लढाईत होते असं लिही, लोकांना ढाका माहीत आहे." पण डिस्चार्ज बुकात 'पश्चिमी स्टार' हे पदक लिहिलंय. "ते कोण बघतंय," असं भावाचं म्हणणं. दुसरी अडचण आईची. 'कुटुंबवत्सल' हा शब्द तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "तू जानेवारी बहात्तरची. लढाई कधीच संपली होती आणि हे आले दिवाळीला. तू भिंत धरून चालत होतीस. ह्यांना बघून आजीच्या मागं दडलीस." पुढे मात्र नाना आमच्यासाठीच जगले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आणि नंतर भावजयीच्याही वेळी ते दवाखान्यातल्या बाकावरून हलले नाहीत, चहालासुद्धा नाही. आता काय लिहू आणि काय गाळू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या भावाचं मी समजू शकते. माझे वडीलही फौजेत होते, हवालदार क्लार्क. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मी दहा मिनिटांत लिहिला: 'प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ'. आत्यानं तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हा कोण गं?" मनमिळाऊ तर ते अजिबात नव्हते. लग्नकार्यात सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसून घड्याळ बघायचे.

तर आधी ढाक्याचं. ते लिहू नका. 1971च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना 'पूर्वी स्टार' मिळाला आणि काश्मीरपासून गुजरातपर्यंतच्या आघाडीवर असलेल्यांना 'पश्चिमी स्टार'. संग्राम मेडल दोन्हीकडच्यांकडे असतं, त्यावरून आघाडी कळत नाही. पण नानांचं असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा. बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव असतं. हुद्दा हवालदार नसेल, तेव्हाचा असेल. ते वाचताना पंचविशीच्या आतबाहेरचे नाना तुम्हाला दिसतील, जे तुम्ही कधी पाहिलेच नाहीत.

आणि पश्चिमेला काय कमी होतं? युद्धाला तोंड फुटलं तेच तिकडे, 3 डिसेंबरच्या संध्याकाळी, विमानतळांवरच्या हल्ल्यांनी. 16 तारखेला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या, देशभर पेढे वाटले गेले. पश्चिमेच्या खंदकांत मात्र युद्धविराम झाला तो दुसऱ्या दिवशी, 17 तारखेला रात्री आठ वाजता.

आता तुमच्या आईची तक्रार. पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुमच्या दोन अडचणी वेगळ्या नाहीतच. ढाक्याकडून आलेल्या फौजा लवकर परतल्या. मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून निघालंही होतं. पश्चिमेला तसं झालं नाही. दोन्ही सैन्यं जिंकलेल्या जमिनीवर समोरासमोर बसून राहिली. सिमला करार झाला 2 जुलैला. त्यानंतरही काश्मीरमधली ताबारेषा नकाशावर आखून दोन्ही बाजूंनी मान्य करायला डिसेंबर उजाडला, आणि तेव्हा कुठे माघार पुरी झाली. म्हणजे आई म्हणते ती 'संपलेली लढाई' नानांच्या लेखी संपलेली नसणार. त्यांना रजा कधी मिळाली, मधे नाकारली गेली का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण भावाचं ऐकून ढाका लिहिलंत तर ते वर्ष स्मरणिकेतून पुसलं जाईल, आणि आईच्या मनात नाना तसेच राहतील: लढाई संपूनही न आलेले.

नानांची पलटण नेमकी कुठे होती ते विचारायला बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. अर्ज आईच्या नावानं करा. नंबर, हुद्दा, नाव डिस्चार्ज बुकात आहे, पेन्शनच्या आदेशावर (पीपीओवर) ही असेल. जमेना तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा लिहायचा ते सांगतील. उत्तर वर्षश्राद्धाच्या आत येईलच असं नाही. तोवर पलटणीतले जे कोणी हयात असतील त्यांना गाठा. फोनवर नको. ही मंडळी फोनवर "सब ठीक था" यापलीकडे बोलत नाहीत. समोर बसून मेडलं दाखवा, मग बघा.

'कुटुंबवत्सल' काढून टाका, आईला तो टोचतोय. त्याऐवजी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत छापा, आजीच्या मागं दडलेल्या तुमच्यासकट. त्याच्याखाली तो बाक. दवाखाना कुठला, किती वाजता येऊन बसले, हातात काय होतं, नर्सनं बाळ बाहेर आणल्यावर काय म्हणाले. मधे काही समजावून सांगू नका. तुमच्या वेळी ते नव्हते हे वाचणाऱ्याला आठवेलच.

फोटोवरून भाऊ वर्दीचाच हट्ट धरणार. धरू द्या, मुखपृष्ठ त्याला देऊन टाका.

छापायला देण्याआधी हे सगळं आईला एकदा वाचून दाखवा. बहुतेक ती म्हणेल, "दिवाळीला नाही, दसऱ्यालाच आले होते." मग तेही दुरुस्त करा.