विश्वास आहे, मग गोळी कशाला?

प्रिय ताई, सलाम.

नाव-गाव छापू नका म्हणालात, तसंच केलं आहे. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते.

पत्र नगर जिल्ह्यातून आलं आहे. ताईंचे मिस्टर ४७ वर्षांचे, एमआयडीसीत कामाला. नऊ वर्षांपासून मधुमेह. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत ते एका आरोग्य-प्रार्थनासभेला गेले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, तिथेच उभं राहून त्यांनी साक्ष दिली की प्रभूने मला बरं केलं, आणि घरी येऊन गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस उपास-प्रार्थना चालू आहे. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार रुपये त्यांनी ‘बी पेरायचं’, म्हणजे देवाला दिलं की पटीने परत येतं, म्हणून सभेला देऊन टाकले. आता रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, तहान भागत नाही, आणि पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही. ताई काही बोलल्या की उत्तर ठरलेलं: तुझा विश्वास कमी आहे. अकरा वर्षांचा मुलगासुद्धा रात्रीच्या प्रार्थनेत म्हणू लागला आहे, “प्रभू, मम्मीचा विश्वास वाढव.” ताईंनी विचारलं आहे, गोळी बारीक करून त्यांच्या भाजीत मिसळू का? पैशांचं काय करू? आणि माझा विश्वास खरंच कमी पडतोय का?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, पण आधी अंगठ्याचं बोलू. ते थांबणार नाही.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. त्यामुळे जखम दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस समजतो की बरी होतेय. तुम्ही लिहिलंय, ‘ते म्हणतात काही त्रास नाही.’ त्या वाक्याची मला जास्त भीती वाटली. तीन आठवडे न भरलेली जखम डॉक्टरांनी पाहायलाच हवी, याच आठवड्यात. अंगठा काळा पडू लागला, पू आला, वास येऊ लागला, लाली वर चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जायचं. उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर कोणाची परवानगी न विचारता सरळ दवाखाना. तेव्हा ‘त्यांना राग येईल’ हा विचार मनात आणू नका. राग नंतर निवळवता येतो.

आता भाजीतल्या गोळीचं. नका करू, ताई. तुमचा जीव किती कासावीस झाला असेल तेव्हा ही गोष्ट मनात आली, हे मला कळतं. पण मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या चुरायच्या नसतात. आणि काही गोळ्या उपाशी पोटी गेल्या तर साखर इतकी खाली उतरते की माणूस घाम फुटून बेशुद्ध पडतो. त्यांचे तर आठवड्यातून दोन दिवस उपास आहेत. शिवाय हे कधी ना कधी उघडं पडणारच. त्या दिवसानंतर ते तुमच्या हातचं पाणीही संशयाने पितील, आणि तुम्ही खरं सांगितलेलंही त्यांना खरं वाटणार नाही. तुमच्याजवळ आज एकच बळ आहे: तुम्ही त्यांच्याशी कधी खोटं बोलला नाहीत. ते भाजीत घालवू नका.

मग त्यांच्याशी बोलायचं कसं? तुम्ही लिहिलंय की वचनं दाखवून पाहिली, तर त्यांनी उलट दहा वचनं दाखवली. होणारच. घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वादासाठी उघडलं की दोघंही आपापलीच पानं शोधतात. म्हणून वचनांची लढाई थांबवा. एकच गोष्ट त्यांच्यापुढे ठेवा, तीही ते शांत असताना, मुलं जवळ नसताना.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो. स्वतः प्रभूने हात लावून बरं केलेला माणूस! त्याला तो काय सांगतो? जा, स्वतःला याजकाला, म्हणजे मंदिरातल्या पुरोहिताला, दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे पारखायचं काम याजकाचं होतं. प्रभूच्या स्पर्शावर संशय होता म्हणून नव्हे, तर लोकांपुढे साक्ष पटावी म्हणून त्याला तिकडे पाठवलं. तुमच्या मिस्टरांना एवढंच म्हणा, “तुम्ही बरे झालात असं तुम्ही म्हणता. मी वाद घालत नाही. आपण जाऊन दाखवू. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी असते, तिच्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर कळते. तुम्ही बरे असाल तर मी तुमच्याबरोबर मंडळीत (चर्चमध्ये) उभी राहून साक्ष देईन.” हे मनापासून म्हणा. त्यांना खोटं पाडायला नेतोय असा सूर लागला तर ते यायचे नाहीत.

देव बरं करतो असं मीही मानते. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबाच्या पत्रात आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण प्रार्थना केली की औषध सोडायचं, ही शिकवण शास्त्रात मला कुठे सापडत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तो रडला, त्याने प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं देऊ केली. आणि त्यानंतरही यशया संदेष्ट्याने सांगितलं, अंजिरांची चांदकी आणा आणि गळवावर बांधा. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. तुझा धंदा सोड, हे अविश्वासाचं काम आहे, असं काही म्हटलेलं नाही. आणि मंदिराच्या शिखरावर उभं करून, उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं प्रभूला सांगणारा कोण होता? सैतान. तोही स्तोत्रातलंच वचन सांगत होता. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे त्याचं उत्तर होतं. गोळ्या कचऱ्यात टाकून ‘आता देव बघून घेईल’ म्हणणं मला त्या उडीच्या फार जवळचं वाटतं.

आपल्याच मातीतलं पाहा. केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या शेकडो मुली-बायका त्यांनी गोळा करून आणल्या. रमाबाईंची देवावर किती भिस्त होती हे आपल्या लोकांना सांगायला नको. पण त्यांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना हातांनी काम शिकवलं, छापखाना चालवला. पाण्यासाठी प्रार्थना आणि पाण्यासाठी कुदळ, दोन्ही एकाच श्रद्धेतून आलं. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन दवाखाना सुरू केला. पुढे आपल्या किती घरांतल्या आया, मावश्या, आत्या अशा दवाखान्यांत नर्स झाल्या, रात्रपाळ्या केल्या, परक्यांच्या जखमा धुतल्या. त्यांना कोणी अविश्वासू म्हटलं नाही. तुमच्याही सासरी-माहेरी अशी कोणी असेल. असेल तर त्या बाईंना घरी बोलवा. मिस्टर तुमचं ऐकणार नाहीत, पण पांढऱ्या साडीत हयात घालवलेल्या आत्याने अंगठा बघून “चल” म्हटलं तर कदाचित उठतील.

सासूबाई तुमच्या बाजूने आहेत असं दिसतं. त्यांना वकील करू नका. आईने आई म्हणून बोलावं: “बाळा, मला तुझी माती द्यायला लावू नकोस.” हे त्या बोलू शकतात, तुम्ही नाही.

सभेच्या पाळकांना (पास्टरांना) जाऊन जाब विचारू का, असंही तुम्ही लिहिलंय. भेटायला जा, पण मिस्टरांना घेऊन, आणि प्रश्न एकच विचारा: “तुम्ही यांना गोळ्या बंद करायला सांगितलं आहे का?” ‘नाही, डॉक्टरांना विचारूनच करा’ असं ते म्हणाले, तर तुमचं निम्मं काम झालं, ते शब्द मिस्टरांच्या कानांवर पडायला हवेत. ‘हो’ म्हणाले, तर त्या जागेवर यापुढे किती विसंबायचं हे तुम्हाला कळेल. तिथे आवाज चढवू नका. उठून या आणि आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा.

पैशांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. देणं ही आपल्या विश्वासातली सुंदर गोष्ट आहे. पगार आला की आधी दशमांशाचं पाकीट बाजूला ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांत कधी कंजुषी दिसली नाही. पण मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू कशावर चिडला ते वाचा. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झालं, असं म्हणून लोक हात झटकत होते. घरच्यांचा वाटा देवाच्या नावाने काढून घेणं त्याला अजिबात खपलं नाही. मुलीची फी हा मुलीचा वाटा होता. मंदिरात आपलं होतं नव्हतं ते टाकणाऱ्या विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन नाण्यांची, गोष्ट त्यांना सभेत सांगितली असेल. ती नेहमी सांगतात. तिने स्वतःचं दिलं, लेकीचं नाही. आणि त्याच्या आदल्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल प्रभू काय बोलला, ते क्वचितच कोणी वाचून दाखवतं.

गेलेले चाळीस हजार बहुतेक परत येणार नाहीत. एकदा विनम्रपणे मागून पाहा, मिळाले तर देवाचे आभार, नाहीतर त्या मागे लागून घर जाळू नका. कॉलेजात जाऊन फीचे हप्ते पाडून मिळतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतात. मुलीच्या नावे वेगळं खातं काढा. यापुढे पगाराच्या दिवशी दोघांनी बसून आधी प्रार्थना करा आणि मग कागदावर लिहा: फी, किराणा, औषधं, हप्ता, दशमांश. ‘दशमांश देऊच’ असं तुम्हीच आधी म्हणा. तुम्ही त्यांच्या देण्याच्या आड येत नाही हे एकदा त्यांना दिसलं, तर बाकीचं बोलणं सोपं जाईल.

आणि आता तुमचा विश्वास. ताई, ज्या बापाचा मुलगा विस्तवात आणि पाण्यात पडत होता, तो प्रभूला काय म्हणाला? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. त्याला प्रभूने परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला. नवऱ्याचा अंगठा बघून तुमची झोप उडते, ही काही अविश्वासाची खूण नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी जीव घाबरतोच. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूही घाबरा झाला, कष्टी झाला, आणि हा प्याला टळो असं त्याने मागितलं. त्याच्या विश्वासाला कोणी उणं म्हणेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलाने तसं म्हटल्यापासून तुम्ही रात्री मोठ्याने प्रार्थना करत नाही, नुसत्या बसता. ते पुन्हा सुरू करा. मिस्टरांना टोमणा बसेल अशी प्रार्थना करू नका. घरातल्या प्रार्थनेत तो मोह फार होतो. साधं बोला: “प्रभू, मला भीती वाटते. पप्पांना सांभाळ. आम्हाला काय करायचं ते दाखव.” मुलाला ऐकू दे. विश्वास म्हणजे भीती न वाटणं, असं त्याच्या मनात आत्ता बसलं, तर उद्या त्याला स्वतःला भीती वाटेल तेव्हा तो देवापासून तोंड लपवेल. आणि एका संध्याकाळी त्याला जवळ घेऊन सांगा की मम्मीसाठी प्रार्थना करतोस ते छान आहे, पप्पांच्या पायासाठीही कर. बापाविरुद्ध त्याला एक शब्द सांगू नका.

नवरा-बायकोची श्रद्धा एकाच वेळी एकाच वाटेवर असते असं थोडंच आहे? नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षं काय यातनांची गेली ते आपल्या घराघरांत माहीत आहे. लक्ष्मीबाई त्यांच्या मागे फरफटत गेल्या नाहीत, त्यांचं त्यांना पटलं तेव्हा आल्या, आणि संसारही टिकला. तुमचे मिस्टर आज ज्या उत्साहात आहेत त्यात खोटेपणा नाही. नऊ वर्षं गोळ्या, पथ्य, आणि कमावत्या माणसाच्या मनातली ‘मला काही झालं तर’ ही धास्ती. कोणीतरी म्हणालं, सुटलास, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. त्यांच्यावर चिडताना हे लक्षात असू द्या.

सभेला मला बरोबर ये म्हणतात, जाऊ का, असं शेवटी विचारलंय. जा की. शेजारी बसा, गीतं म्हणा, आमेन म्हणण्यासारखं असेल तिथे आमेन म्हणा. पण जखम दाखवून आल्यावर. दवाखान्यात जाताना जुनी फाईल न्या, कोणत्या गोळ्या होत्या आणि कधीपासून बंद आहेत ते तारखेसह लिहून न्या, आणि उपासाचे दिवसही डॉक्टरांना सांगा. जुन्या गोळ्या घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका; आता मात्रा किती हवी ते तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील. ते यायला तयारच झाले नाहीत, तर दीर आणि पाळकसाहेब दोघांना बोलावून घ्या आणि रिक्षा दारात उभी करा.

तुमची,
ताई