राणी गुरगुरते म्हणून तिला मारू नका

"ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि दोन कुत्री. राणी गावठी, नऊ वर्षांची, मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या मागेमागे असते. ब्रूनो लॅब, तीन वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी मिस्टरांनी कुणाला न विचारता सांगोल्याकडून कारवानीचं पिल्लू आणलं, सर्जा, आता अडीच महिन्यांचा आहे. राणी त्याच्यावर गुरगुरायची म्हणून मिस्टर तिला चप्पल मारायचे. आता ती गुरगुरत नाही, दिवसभर कॉटखाली असते, जेवण अर्धं टाकते. पण परवा काही आवाज न करता एकदम सर्जाच्या तोंडावर झडप घातली, मुलगा शेजारीच बसला होता. सर्जा आमचं ऐकत नाही, सारखा ब्रूनोच्या मागे. मुलाच्या पायाला दात लावून ठेवलेत, देवघरासमोर शू करतो. सासूबाई म्हणतात देऊन टाका. मिस्टर म्हणतात मोठी दोन आहेत, ती शिकवतील, आणि रील्स बघून त्याला उताणं दाबून धरतात, अल्फा, म्हणजे म्होरक्या, कोण ते कळायला पाहिजे म्हणून. राणीवर अन्याय होतोय असं वाटून रात्री झोप लागत नाही. काय करू?"

अगं, आधी मुलाच्या पायाचं बघ. दात लागून नुसतं खरचटलं असलं तरी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं, सिव्हिलला रेबीजची लस मोफत मिळते. पिल्लू घरचं आहे, लहान आहे, सगळं खरं, पण त्याची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर होणार आणि इथे येण्याआधी ते कुणाच्या संगतीत होतं ते तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे यात बघू उद्या करू असं नको. हे आजच कर.

आता राणीचं. मिस्टरांना वाटतंय चपलेचा उपयोग झाला, गुरगुरणं थांबलं. मला मात्र तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्याच ओळीची. कुत्रं सहसा एकदम चावत नाही गं, ते आधी खूप काही सांगून बघतं. पिल्लू जवळ आलं की राणी आधी मान दुसरीकडे वळवत असेल, मग जिभेने नाक चाटत असेल, मग अंग एकदम ताठ, शेपटी थांबलेली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो, ओठ जरासा वर जातो, आणि एवढं करून समोरच्याला कळलं नाही तर मग गुरगुर. म्हणजे गुरगुर ही तिची धमकी कमी आणि विनंती जास्त असते, की बाबा लांब हो, मला नको आहे हे. तुम्ही मारून मारून तिची ती विनंती बंद केलीत, पण आतली भीती, चिडचिड तशीच राहिली, म्हणून आता ती मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून सरळ झडप घालते. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा गुरगुरायचं बंद झालेलं कुत्रं घरात जास्त धोक्याचं, आणि लहान मूल असलेल्या घरात तर फारच.

आणि राणीच्या बाजूने बघ ना. नऊ वर्षं तिला कुणी हात लावला नसेल, आणि हे पिल्लू आलं की चप्पल बसते. तिच्या डोक्यात काय बसणार? सर्जा म्हणजे मार. मग तो आवडेल कसा?

हे उलटं फिरवता येतं, आणि ते अवघड नाही. सर्जा खोलीत आला, लांब असला तरी चालेल, की राणीला उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. सर्जा गेला की चिकन बंद. बस एवढंच, दिवसातून थोडा थोडा वेळ. तुकडा तिच्या पुढ्यात टाकायचा, सर्जाला तिच्याजवळ न्यायचं नाही, तिने त्याला हुंगलंच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही, "बघ तुझा छोटा भाऊ" म्हणून तिच्या तोंडाशी तर मुळीच धरायचं नाही. आणि गुरगुरली तर शांतपणे सर्जाला उचलून बाजूला घ्यायचं. राणीला एकदा पटलं की मी सांगितलं की माझी माणसं ऐकतात, की तिला पुढची पायरी गाठायची गरजच पडत नाही.

त्यासोबत तिला डॉक्टरांना दाखव, हे अगदी या आठवड्यात. नऊ वर्षांची कुत्री जेवण अर्धं टाकते, कॉटखाली पडून राहते, हे सगळं मनाचंच असेल असं धरून चालू नकोस. या वयात सांधे दुखतात, दाढा किडतात, आपल्याकडे गोचिडांचा त्रास एवढा की टिक फिवर तर नेहमीचाच, रक्त तपासलं की कळेल. कंबर दुखत असताना अंगावर उड्या मारणारं पिल्लू कुणाला सहन होईल!

घरात राणीची एक जागा अशी पाहिजे जिथे सर्जा जाऊच शकत नाही. कॉटखालची नको, तिथे ती कोंडली जाते आणि पळायला वाट उरत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून तुझ्या खोलीच्या दाराला कमरेएवढं जाळीचं गेट करून घे, आत तिची चादर, तिचं पाणी. आणि एक कर, घरात जुन्या सोलापुरी चादरी असतीलच, एक राणीखाली आणि एक सर्जाखाली घाल, दोन-तीन दिवसांनी अदलाबदल कर, धुऊ नको. कुत्र्यांची ओळख नाकाने होते, त्यामुळे समोर न आणताही वासाची सवय होत जाते. मग सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर दोघांना वेगवेगळ्या पट्ट्याने, एक माणूस इकडे एक तिकडे, एकाच दिशेने चालवायचं, मध्ये चांगलं अंतर ठेवून, आणि रोज ते थोडं थोडं कमी करायचं. लोक सांगतील मैदानावर ओळख करून द्या, एरवी ते बरोबरच आहे, पण सर्जाचं लसीकरण पूर्ण झालेलं नाही आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून तूर्त गच्चीच.

कुत्र्यांची खरी जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, मुलाला आणि सासूबाईंना हे नीट सांगून ठेव. परात जोरात आपट, मध्ये एखादी फळी सरकव किंवा अंगावर जाड चादर टाक.

आता "मोठी दोन आहेत, ती शिकवतील". हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय आणि प्रत्येक वेळी त्याचा भुर्दंड त्या पिल्लालाच बसलेला बघितलाय. मोठी कुत्री शिकवतात, नाही असं नाही, पण काय शिकवतात? ब्रूनो त्याला कुस्ती खेळायला शिकवेल, गेटवर कुणी आलं की भुंकायला शिकवेल. हाक मारली की ये, पायाला दात लावू नको, शू बाहेर कर, हे ब्रूनो कसं शिकवणार? तीन कुत्र्यांच्या घरात पिल्लाला माणसांची गरजच वाटत नाही, खेळायला ब्रूनो, झोपायला ब्रूनोची पाठ, मग तू हाक मारलीस काय न मारलीस काय त्याला फरकच पडत नाही, आणि उद्या ब्रूनो दोन तास दवाखान्यात गेला तरी हा घर डोक्यावर घेईल. सर्जा आधी तुमचा झाला पाहिजे, मग ब्रूनोचा. त्यात कारवानी म्हणजे सशामागे धावायची जात, डोळ्याला काही हललेलं दिसलं की सुसाट, आज अडीच महिन्यांचा असताना त्याला हाकेला यायची गोडी लागली नाही तर वर्षभराने विजापूर रोडवर पट्टा सुटला की तो कुणाच्या बापाला सापडायचा नाही.

म्हणून रोज त्याचा काही वेळ ब्रूनोशिवाय. पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, दुसऱ्या खोलीत दार लावून. नाव घ्यायचं, बघितलं की खाऊ. दोन पावलं मागे सरून "सर्जा ये", आला की खाऊ आणि कौतुक. बस, थांब, एवढंच पुरे आहे सध्या. ब्रूनोशी खेळू दे, पण तू आहेस तेव्हाच, आणि मधून मधून दोघांना वेगळं करून शांत बसव. झोपही वेगळी. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, ब्रूनोच्या नादात याची झोप होत नसणार आणि झोप न झालेलं पिल्लू संध्याकाळी हमखास पिसाळल्यासारखं चावतं. तुझ्या मुलाचे पाय बहुतेक त्याच वेळेला सापडतात का बघ. शिवाय ते आठ आठवड्यांच्या आतच आईपासून तोडलेलं, भावंडांत खेळताना किती जोरात चावायचं ते शिकायच्या आधीच इकडे आलं, त्याचा दोष नाही. दात लागले की खेळ तिथेच बंद, सगळ्यांनी, उठून जायचं, मग थोड्या वेळाने चघळायला काहीतरी द्यायचं. मुलाला शिकव की पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात, तोवर थोडं चालणारच.

उताणं दाबून धरणं मात्र एकदम बंद. पूर्वी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून हे अल्फाचं निघालं, आणि ती कल्पना ज्यांच्यामुळे जगभर पसरली त्यातलेच एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे असली अल्फाबिल्फाची मारामारी नसते. दाबून धरल्याने सर्जा एवढंच शिकेल की बाबांच्या हाताला घाबरायचं, आणि घाबरलेलं कारवानी मोठं झाल्यावर आवरत नाही.

शूचं सोपं आहे पण चिकाटी लागते. झोपून उठला, जेवला, खेळ संपला, की लगेच उचलून अंगणातल्या एकाच कोपऱ्यात, पट्टा लावून. केली की तिथल्या तिथे खाऊ, घरात आल्यावर नाही. अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास धरतं, रात्री एकदा उठावं लागेल, आणि ते मिस्टरांनी उठावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरात केली तर नाक घासणं, ओरडणं काही नको. आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसून फिनेल मारतात, त्याने आपल्याला वास येत नाही, त्याला येतोच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं बाटलीत भरून ठेव, तेवढंच फवारून पुस, पाणीही फार लागत नाही. देवघराच्या खोलीला काही महिने दार लावूनच ठेवा, सासूबाईंचा राग तिथला आहे आणि तो रास्त आहे.

जेवण तिघांचं तीन ठिकाणी, दारं लावून. सर्जाला दिवसातून चार वेळा पिल्लांचं खाणं, मोठ्यांना दोनदा, पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची. दूध-भाकरीवर पिल्लू वाढवू नका, दुधाने जुलाब होतात आणि नुसत्या ज्वारीने ताकद येत नाही, भाकरीसोबत अंडं, चिकन पाहिजेच. आणि ताटातली शेंगाचटणी, कांद्या-लसणाचा रस्सा यातलं बोटभरसुद्धा तिघांपैकी कुणाला नको, कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतो. चघळायची हाडं, खेळणी सगळे एकत्र असताना उचलून ठेव, भांडणं त्यावरूनच पेटतात.

लसींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घे, पार्व्हो-डिस्टेंपरचे डोस चार महिन्यांचा होईपर्यंत ठरलेल्या अंतराने पूर्ण झाले पाहिजेत, जंताचं औषधही. तोवर रस्त्यावर खाली सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण जगाची ओळख व्हायचे दिवस हेच, साधारण साडेतीन महिन्यांपर्यंतचे. मांडीवर घेऊन गाडीवरून फिरवून आणा, सात रस्त्याची वाहनं, एसटीचे हॉर्न, यंत्रमागाची खडखड, दाढीवाले, हेल्मेटवाले, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ द्या. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, त्याआधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून त्याच वेळी त्याला जेवायला घाल.

सासूबाईंचं देऊन टाका म्हणणं मला वाईट वाटत नाही, त्यांना घराचा ताण दिसतोय. पण आत्ता देऊ नका, दोन-तीन महिने मनापासून करून बघा. मात्र मिस्टरांशी नीट बसून बोल, राणीवरून भांडत बसू नको, सरळ कामं वाटून घे. सर्जा त्यांनी आणलाय, तर रात्रीचं उठणं, सकाळची गच्ची, लसी आणि त्या पाच-पाच मिनिटांच्या शिकवण्या त्यांच्याकडे, राणी तुझ्याकडे. रोज संध्याकाळी राणीला एकटीला बाहेर घेऊन जा, तिच्या चालीने, ती हुंगेल तितका वेळ थांबून. त्यांना हे जमणार नसेल तर तसं स्पष्ट म्हणू दे, मग लसी पूर्ण करून, पळायला जागा असलेलं ओळखीतलं घर बघणं हे त्या पिल्लावरचे उपकारच ठरतील, त्यात तुला अपराधी वाटायचं कारण नाही.

आणि राणीने रक्त येईल असं चावलं, किंवा लांबूनच सर्जाकडे ताठ होऊन एकटक बघत राहते असं दिसलं, तर दोघांना पूर्ण वेगळं ठेव आणि माझ्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरांकडून कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करणाऱ्या माणसाचा नंबर घे. मुलाला त्या दोघांसोबत खोलीत एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. राणीचा रिपोर्ट आला की मला कळव.