रविवारी जेवायला नक्की जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तिकडे अमेरिकेत, अलाबामातल्या ऑबर्नला, तुझ्या शेजारच्या आजी रविवारी चर्चहून आल्या की जेवायला बोलावतात. तू मांसमच्छी खात नाहीस म्हणून काहीतरी कारण सांगतोस आणि मग चुटपुट लागते म्हणून इंडियन स्टोअरमधला काजूकतलीचा डबा त्यांच्या दाराशी ठेवून येतोस. वर विचारलं आहेस, ‘मावशी, त्यांना आपलं काय करून खायला घालू?’

सध्या काहीही घालू नकोस. आधी त्यांचं खा.

परदेशात आलं की आपल्या लोकांना आपलं खाणं दुसऱ्याला चाखवायची फार हौस येते. ऑफिसात काही असलं की समोसे आलेच. त्यात वाईट काही नाही, पण खायला घालणारा नेहमी थोडा वरच्या पायरीवर असतो. काय करायचं, किती तिखट करायचं, कोणाला बोलवायचं, सगळं त्याच्या हातात. खाणाऱ्याला दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या रीतीने बसावं लागतं. आता मी न्यू जर्सीत असले तरी माझी नोकरीची सगळी वर्षं अलाबामातच गेली. तिथे जी माणसं माझी झाली, ती मी त्यांच्या टेबलाशी बसले म्हणून झाली. माझ्या पुरणपोळीचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण कौतुक करून माणसं आपापल्या घरी गेली.

आता तुझ्या अडचणीचं बघू. आजींना आधीच, म्हणजे शनिवारच्या आत, सरळ सांग: ‘मॅम, मी मांस-मासे खात नाही, अंडी-दूध चालतं.’ टेबलाशी बसल्यावर एकेका वाडग्याकडे बोट दाखवून ‘यात काय आहे, त्यात काय आहे’ अशी उलटतपासणी करू नकोस. अमेरिकेच्या दक्षिणेत भाजी म्हणजे शाकाहारी असं समजायचं नाही. कॉलर्डची पालेभाजी डुकराच्या धुरावलेल्या तंगडीबरोबर तास-दोन तास शिजते, हल्ली काही घरांत त्याऐवजी टर्कीचा तुकडा टाकतात. शेंगा, वाल, चवळी यांतही बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असतं. मक्याच्या ब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी लावलेली असते, बिस्किटांत (तिथली बिस्किटं म्हणजे मऊ, फुगलेले छोटे पाव) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं, रताळ्यावरच्या मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं. एवढं ऐकून घाबरू नकोस. आधी सांगितलंस तर आजी तुझ्यासाठी एक भांडं वेगळं काढतील. मॅकरोनी-चीज, लोणी घातलेला मका, टोमॅटोच्या चकत्या, मसाला भरलेली उकडलेली अंडी, बनाना पुडिंग, एवढ्यात पोट भरतं. (तिथल्या साध्या खाणावळींत ‘एक मांस, तीन भाज्या’ अशी थाळी असते आणि भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीज राजरोस असतं. यावर वाद घालायचा नाही.) त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मार, आणि ‘येस मॅम’ म्हणायला लाजू नकोस. आपल्याकडे जसं मोठ्यांना अहोजाहो करतो, तसंच ते.

तिथे बसलास की तुझ्या लक्षात येईल की हे ताट तुला पुष्कळसं ओळखीचं आहे. ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी. ती मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे फार पूर्वी आली आणि अमेरिकेत पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांबरोबर पोचली. भेंडीही अमेरिकेत त्याच वाटेने आली. तिथे तिच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळतात, किंवा टोमॅटोबरोबर शिजवतात. एक जानेवारीला चवळी-भात, पालेभाजी आणि मक्याचा ब्रेड खायचाच, अशी रीत आहे: चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, ब्रेड म्हणजे सोनं. रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिळतात. पहिल्यांदा ती कागदी पिशवी हातात आली तेव्हा मला थेट आमच्या गावचा बाजार दिसला.

आणि एक गोष्ट मुद्दाम मागून घे. बिस्किटावर घालायला त्यांच्याकडे ‘सॉर्घम’ असेल. गोड ज्वारीची ताटं चरकात पिळून तो रस आटवतात. थोडक्यात, ज्वारीची काकवी. ज्वारीसुद्धा आफ्रिकेतलीच. आपण तिची भाकरी करून तिच्याबरोबर उसाची काकवी खाल्ली, त्यांनी ज्वारीचीच काकवी करून गव्हाच्या बिस्किटावर घातली. हे आजींना सांग. मी एकीला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून, त्यांच्या शेतावर खेचर गोल गोल फिरवून चरक कसा चालायचा, वडील कढईवरची मळी कशी काढायचे आणि पोरं ती बोटाने चाटायला कशी टपलेली असायची, ते सांगत बसली. तोवर आमच्या गप्पा हवापाण्यापलीकडे गेल्या नव्हत्या.

म्हणून रेसिपी मागू नकोस. ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ असं विचार. रेसिपी मागितलीस तर ‘दिसायला बरोबर दिसेपर्यंत पीठ घालायचं’ एवढंच उत्तर मिळेल. आपल्या आज्यांचं ‘अंदाजाने’ असतं ना, तेच. कोणी शिकवलं म्हटलं की माणसं बोलायला लागतात: आजी, आत्या, चर्चमधली एखादी बाई, घर, विहीर, पत्र्यावर वाजणारा पाऊस, कोण चिडकं होतं, कोण शिकागोला गेलं ते परत आलंच नाही. हे शेवटचं बहुतेक घरांत निघतं. 1910 पासून 1970 पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. जाताना गाडीत खायला तळलेली कोंबडी आणि केक बांधून दिलेला असायचा, कारण वाटेतल्या खानावळींत त्यांना बसू देतील याची खात्री नव्हती. आजींच्या घरात त्या प्रवासाची एखादी गोष्ट असणारच.

जमलं तर पुढच्या खेपेला तासभर आधी जा आणि स्वयंपाकघरात उभा राहा. मक्याचा ब्रेड होताना बघ. बिडाचा तवा ओव्हनमध्ये सणसणीत तापवतात, त्यात चरबी, मग मक्याचं पीठ, ताक आणि अंड्याचं सरसरीत मिश्रण ओततात. ओतताना चर्र आवाज आला नाही तर तवा तापला नाही. खालचा कडक, खमंग थर त्या आवाजातूनच येतो. तो तवा बहुधा आजींपेक्षा म्हातारा असेल. शेजारच्या टेनेसीत साऊथ पिट्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथल्या लॉज कंपनीची ओतशाळा 1896 पासून असली भांडी ओतते. घराघरांत आजीकडून नातीकडे तवे जातात आणि त्यावरून भावंडांत अबोलाही होतो. तू उत्साहाच्या भरात तो घासायला घेऊ नकोस. बिस्किटांचं पीठही वेगळं असतं: मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा मैदा, म्हणून ती इतकी हलकी होतात. न्यू जर्सीच्या मैद्याने मी करून बघते, पण ती जेमतेम खाण्याजोगी होतात.

ब्रेडमध्ये साखर घालावी की नाही, यावर मत देऊ नकोस. त्या प्रश्नावर घरं दुभंगलेली आहेत. पालेभाजीचं उरलेलं पाणी, ज्याला ते पॉट लिकर म्हणतात, त्यात ब्रेड बुडवायचा की कुस्करायचा, यावर 1931 मध्ये लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचा संपादक यांच्यात चांगली जुंपली होती. लाँग बुडवणाऱ्यांचा पुढारी. मी भाकरी आमटीत कुस्करून खाल्लेली बाई, माझा पक्ष तुला ठाऊकच आहे.

ते पाणी मात्र नुसतं गमतीचं नाही. गुलामीच्या काळात भाजी मालकाच्या टेबलावर जायची आणि पाणी स्वयंपाकघरात राहायचं, असं सांगतात. पुष्कळसं सत्त्व त्या पाण्यात. तुझ्या आजी ऐंशीच्या घरातल्या, म्हणजे 1955 मध्ये शाळकरी मुलगी. तुझ्या ऑबर्नपासून तासाभरावर माँटगोमेरी, तिथे काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या बसवर त्या डिसेंबरात काळ्यांचा बहिष्कार सुरू झाला आणि 381 दिवस चालला. हजारो माणसं रोज चालत किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामाला गेली. त्या मोटारींच्या पेट्रोलला पैसा लागत होता. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी आणखी बायका जमवून तळलेली कोंबडी, सँडविच, केक आणि ‘पाय’ (सारण भरून भाजलेलं पक्वान्न) करून विकले आणि पैसे चळवळीला दिले. गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ (‘कुठूनच नाही’ क्लब), म्हणजे पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर तयार. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिल्यावर बाईंची नोकरी गेली. मग किंग यांच्याच पाठिंब्याने त्यांनी घरी जेवण घालायला सुरुवात केली, आणि त्यांच्या टेबलाशी काळे-गोरे मांडीला मांडी लावून बसायला लागले. 1990 च्या मार्चमध्ये, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा-माँटगोमेरी पदयात्रेच्या पंचविसाव्या वर्षी, पदयात्रींसाठी कोंबडी आणि मॅकरोनी करता करता त्या गेल्या. तेच जेवण घरच्यांनी त्यांच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांना वाढलं.

हे लिहिण्याचं कारण असं की जेवणाने माणसं जवळ येतात, हे वाक्य लोक फार सहज म्हणतात. ज्या बायकांच्या हातचं गोऱ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या खाल्लं गेलं, त्यांना त्याच टेबलाशी बसायची परवानगी नव्हती. चव तर तीच होती. आजी कधी असलं काही बोलल्या तर ‘आता किती बदललंय ना’ म्हणून विषय गुळमुळीत करू नकोस, आणि बिचाऱ्या म्हणून मानही हलवू नकोस. आपल्याकडे 1927 मध्ये तळ्याच्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला होता. पंगतीत कोण कुठे बसायचं हे ठरलेलं असायचं. ते आपल्या घरातल्या कोणी सांगितलं नसेल तर का सांगितलं नसेल, तेही एकदा आईला विचार. ऐक, आणि वाढलेलं खात राहा.

शाळेत असताना तू काळे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र वाचलं होतंस, आठवतं? ते जिथे शिकवायचे ते टस्कीगी तुझ्यापासून वीसेक मैलांवर आहे. त्यांनी तिथल्या गरीब शेतकऱ्यांना कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितलंच, पण ती शिजवायची कशी याच्या पुस्तिकाही काढल्या. एखाद्या सुट्टीच्या दिवशी आजींना विचार, येता का. माझा अंदाज आहे की त्या येतील, आणि गाडीत तुझ्यापेक्षा जास्त बोलतील.

आता परतफेडीचं. निघताना आजी तुला फॉइल लावून ताटली देतील. नको म्हणू नकोस. ताटली उलटी करून बघ, खाली चिकटपट्टीवर त्यांचं नाव लिहिलेलं असेल. चर्चच्या सामुदायिक जेवणात आणि कोणाच्या घरी मयत झाली की अशी ढिगाने भांडी जमतात, ती ओळखायची सोय. आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात आणतात. तिथे हॅम, केक आणि तऱ्हेतऱ्हेची कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भांड्यातच भाजलेले पदार्थ, येतात. तुझे काका गेले तेव्हा आमच्या ओट्यावर जागा उरली नव्हती. पिवळ्या भोपळ्याच्या कॅसरोलवर चुरलेली खारी बिस्किटं पसरलेली असतात. ते मला एरवी आवडत नसे. आता इथे कोणी केलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेते, आणि लेक माझ्याकडे बघते.

तर ती ताटली रिकामी परत करायची नाही. आपल्याकडेही करत नाहीत, त्यांच्याकडेही नाही. तुझ्या हौसेला आता वाव आहे. दुकानातलं काही नको. दाण्याचे लाडू कर: भाजलेले अलाबामाचे दाणे, सोलून कुटलेले, आणि गूळ. त्यांच्या दाण्याच्या चिक्कीच्या जवळचे लागतील आणि तिखटाची भीती नाही. घरात कोणाला दाण्यांची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचार. लाडू ओबडधोबड झाले तरी चालतील. आजींनी ‘तुला हे कोणी शिकवलं?’ असं विचारलं तर युट्यूबचं नाव घेऊ नकोस. तुझी आजी दाणे कशी पाखडायची ते सांग.

रविवारी चर्च सुटायला बारा-साडेबारा होतात, त्याआधी दार वाजवू नकोस. सोमवारी धन्यवादाची चिठ्ठी हाताने लिहून त्यांच्या टपालपेटीत टाक. मेसेज नको. आणि ती ज्वारीची काकवी कुठे मिळते ते आजींना विचार. इकडे न्यू जर्सीत शोधून दमले. एक बाटली माझ्यासाठी घे, डिसेंबरात येशील तेव्हा आण. पैसे देईन.

तुझी मावशी