न्यायाधीश रानडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : महादेव गोविंद रानडे यांना आपण ‘न्यायमूर्ती’ म्हणूनच ओळखतो. उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी त्यांनी कोणकोणती कामे केली?

रानड्यांचा जन्म 1842 मध्ये निफाडला झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून 1862 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक ठरले. कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश आणि एल्फिन्स्टनमधील अध्यापक अशी कामे त्यांनी केली. 1871 मध्ये ते पुण्यात प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश झाले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर 1893 मध्ये उच्च न्यायालयातील त्यांची जागा रानड्यांना मिळाली आणि 1901 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. म्हणजे ज्या सार्वजनिक कार्यासाठी महाराष्ट्र त्यांचे नाव घेतो, त्यातील बहुतेक कार्य त्यांनी जिल्ह्याच्या गावी खालच्या न्यायालयात दावे चालवत असताना उभे केले. चरित्रे वाचताना हा भाग हातून निसटतो, म्हणून तो मुद्दाम सांगावासा वाटतो.

प्रश्न : सरकारी नोकरीतील न्यायाधीशाला सार्वजनिक सभेत काम करणे कसे शक्य झाले? सरकारने हरकत घेतली नाही का?

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुणे सार्वजनिक सभा 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झाली. तिचा उघड कारभार गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पाहत असत. सभासद होण्यासाठी किमान 50 जणांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे, त्यामुळे सभासद स्वतःपुरता न बोलता इतरांच्या वतीने बोलत असे. रानडे पुण्यात आल्यावर सभेचे अर्ज, अहवाल आणि 1878 पासून निघालेले त्रैमासिक यांमागे त्यांचा अभ्यास उभा राहिला, परंतु त्यांचे कितीतरी लेख निनावी प्रसिद्ध झाले.

सरकारची नाराजी मात्र टळली नाही. 1878 मध्ये त्यांची नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली. 1879 हे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे वर्ष होते, पुण्यातील शिकलेल्या ब्राह्मणांवर सरकारचा दाट संशय होता आणि धुळ्यात रानड्यांची पत्रे फोडून पाहिली जात. त्यांनी राजीनामा दिला नाही आणि लिहिणेही थांबवले नाही. मला यात सावधपणापेक्षा निष्ठा अधिक दिसते, कारण न्यायासन आणि लोकांचे काम ही दोन्ही त्यांना सारखीच मोलाची वाटत होती.

प्रश्न : शेतकऱ्यांच्या कर्जाच्या दाव्यांत रानड्यांनी नेमके काय केले?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आभारी आहे, कारण न्यायाधीश म्हणून रानड्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मी याच क्षेत्रात मानतो. मे 1875 मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते आणि रोखे जाळले. चौकशीत असे दिसून आले की असंख्य हुकूमनामे, म्हणजे न्यायालयाचे निवाडे, एकतर्फी होत होते : समन्स निघे, कर्जदार हजर होत नसे आणि रोख्यावरचा आकडाच खरा धरला जाई. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी होणारी कैद बंद केली. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतील दुय्यम न्यायालयांचे निकाल तपासण्यासाठी खास न्यायाधीश नेमला गेला. रानडे 1881 पासून या कामात सहायक होते आणि 1887 मध्ये स्वतः खास न्यायाधीश झाले.

या कामात गावोगावच्या सावकारी वह्या, वाढत गेलेले व्याज आणि हातची जाणारी जमीन यांचे दर्शन त्यांना एकेका दाव्यातून घडत होते. त्यामुळे सावकाराला दोष देऊन ते थांबले नाहीत. शेतसाऱ्याची ताठर वसुली आणि स्वस्त भांडवलाचा अभाव ही दुखण्याची मुळे आहेत, असे ते लिहीत राहिले. ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी सुचवलेल्या शेतकी बँकेला त्यांचा पाठिंबा होता, परंतु ती योजना प्रत्यक्षात आली नाही. त्यांचे आर्थिक निबंध वाचताना हे सारखे जाणवते की लिहिणाऱ्या माणसाने कर्जदाराची साक्ष स्वतः ऐकलेली आहे.

प्रश्न : विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः मात्र अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. याचे समर्थन कसे करावे?

समर्थन करू नये. 1873 मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि टीकाकारांनी त्यांना दिलेला दोष योग्य होता. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, 1884 मध्ये भांडारकर, मोडक आदी सहकाऱ्यांसह पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा काढली आणि पुढे रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. या कामाचे मोल मोठे आहे, तरी त्यामुळे तो निर्णय बरोबर ठरत नाही.

प्रश्न : आजच्या तालुका न्यायाधीशाला असे समाजकार्य करता येईल का?

राजकीय स्वरूपाच्या संस्थेत आजच्या न्यायाधीशाला भाग घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र समाजकार्याचा एक मोठा भाग आता कायद्यानेच त्याच्याकडे सोपवला आहे. सार्वजनिक सभेच्या मंडळींनी पुण्यात आपसात तंटे मिटवण्यासाठी लवाद न्यायालय चालवून पाहिले होते. 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात असलेल्या 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुक्यातील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तालुका विधी सेवा समितीचा अध्यक्ष असतो. लोकअदालती भरवणे आणि गावोगावी कायदेविषयक शिबिरे घेणे हे या समितीचे काम आहे. लोकअदालतीतील तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील होत नाही आणि प्रलंबित दावा तेथे मिटल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील समितीच्या कार्यालयात द्यावा.